किटच्या आतली सिस्टर: पीपीई संचाचं परीक्षण, ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यासाठी

ग्वाल्हेरच्या कंपू भागातल्या सर्जिकल दुकानात पीपीई किट मागितलं की काउंटरवर एक चपटं पाकीट येतं आणि सोबत एक वाक्य, "नब्बे जीएसएम है, ले जाइए." जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. त्यावरून कापड जाड की पातळ ते कळतं. ते अंगावर चढवून मे महिन्यात, बाहेर पारा 45 च्या आसपास असताना, सहा तास वॉर्डात उभं राहिलेल्या बाईचं काय होतं, ते कळत नाही. खरेदीच्या यादीत तेवढा रकानाच नसतो.

हे परीक्षण त्या रकान्यासाठी लिहिलं आहे. आम्ही नर्सिंग शिकवतो आणि वॉर्डाचं सामान तपासून घेतो. जयारोग्यासारख्या मोठ्या रुग्णालयापासून गल्लीतल्या वीस खाटांच्या नर्सिंग होमपर्यंत जिथे कुणी हा माल विकत घेतं, त्या मेट्रनला, स्टोअरच्या बाबूला आणि मालक डॉक्टरांना हे उद्देशून आहे. संच नेहमीचाच धरला आहे: हुड जोडलेला कव्हरऑल (अंगभर एकसंध पोशाख), एन95 मास्क, गॉगल, फेस शील्ड, हातमोज्यांचे दोन जोड, शू कव्हर आणि कचऱ्याची पिशवी. विषाणू अडवण्याच्या कामात चांगला संच खरा उतरतो, तिथे आमची तक्रार नाही. पण कोविडच्या महासाथीत नर्सच्या मनावर जो भार आला त्यातला बराचसा या संचाच्या शिवणीतून, काचेतून आणि मापातून आला, असं आमचं ठाम मत आहे. पेशंट गेल्याचं दुःख कुठल्या खरेदीने कमी होणार नाही. तहान, घुसमट, न ऐकू येणं, कुणी न ओळखणं, हे मात्र कमी करता येतं.

आधी कापड. 2020 सुरू झालं तेव्हा या दर्जाचे कव्हरऑल आपल्याकडे जवळजवळ बनतच नव्हते, आणि काही महिन्यांत शेकडो कारखाने ते शिवू लागले. त्या घाईत एक कसोटी पक्की धरली गेली: दाबाखाली कृत्रिम रक्त कापडातून आरपार जाता कामा नये, आयएसओ 16603 प्रमाणे किमान वर्ग 3. कोइम्बतूरची सिट्रा ही संस्था ही चाचणी घेई आणि पास झालेल्या नमुन्याला एक युनिक सर्टिफिकेशन कोड मिळे, जो प्रत्येक कव्हरऑलवर असलाच पाहिजे असा दंडक होता. पुढे भारतीय मानक ब्यूरोचं आयएस 17423 आलं. म्हणून पाकीट फोडल्यावर कोड किंवा मानकाची खूण कपड्यावर शोधा. नुसत्या पाकिटावरच्या छापील कागदावर विसंबू नका. ग्वाल्हेरला तर जैविक-रासायनिक संरक्षणावर काम करणारी डीआरडीई ही संरक्षण-संशोधन संस्था गावातच आहे. संरक्षक कपड्याचं शास्त्र या गावाला परकं नाही, तेव्हा दुकानदाराला दोन प्रश्न विचारायला संकोच कशाला?

रक्त अडवायचा स्वस्त मार्ग म्हणजे पॉलिप्रॉपिलीनच्या न विणलेल्या कापडावर पॉलिथिनचा सलग थर. रक्त बाहेर थांबतं, पण घामाची वाफही आतच कोंडते. अंग थंड होतं ते घाम वाळल्यामुळे. आत घाम नुसता वाहत राहतो, वाळत नाही, त्यामुळे नाडी चढते, डोकं ठणकतं, आणि तिसऱ्या तासाला स्वभावाने शांत असलेली सिस्टरही पेशंटवर खेकसते. मग घरी गेल्यावर तेच खेकसणं तिला खात बसतं. दुसरं कापड सूक्ष्मछिद्री थराचं असतं. त्यातून थेंब जात नाही, वाफ जाते. दिसायला दोन्ही पांढरी आणि दोन्हींवर "नव्वद जीएसएम" लिहिलेलं असू शकतं.

फरक ओळखायची एक ढोबळ परीक्षा कुठल्याही ड्युटी रूममध्ये होते. काचेच्या पेल्यात अर्ध्यापर्यंत वाफाळतं पाणी घ्या. कव्हरऑलचा तुकडा, अंगाकडची बाजू खाली ठेवून, पेल्याच्या तोंडावर ताणून रबरबँडने बांधा. त्यावर दुसरा कोरडा, गार पेला उलटा ठेवा. पाच-सात मिनिटांनी वरच्या पेल्यात दव धरलं तर कापडातून वाफ जाते आहे. वरचा पेला कोरडाच आणि कापडाखाली थेंब लोंबत असतील, तर तो माल उन्हाळ्यात नर्सच्या अंगावर घालू नका. ही परीक्षा प्रमाणपत्राची जागा घेत नाही, ते आधी हवंच. प्रमाणित मालातून निवड करायला मात्र ती पुरते.

शिवणीला सुईची भोकं असतात, म्हणून वरून गरम करून टेप चिकटवलेली हवी. टेपचं टोक नखाने उचकटून पाहा. दोन बोटं सहज सुटली तर घामाने तीही सुटणार. काख आणि मांडीचा सांधा या दोन जागा खास बघा, कारण किट फाटतं ते तिथेच. त्याचं कारण माप. बरेच संच "फ्री साइज" म्हणून येतात. उंच सिस्टरला धड आखूड पडतं. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला पालथं, म्हणजे प्रोन, करायला पाच-सहा जण लागतात, एकजण फक्त नळी आणि डोकं सांभाळतो. त्या वाकण्यात मागून ताण बसतो आणि सांध्यावर कापड टर्रकन उसवतं. बुटक्या सिस्टरच्या पायात तेच कापड घोळतं. फाटलेली जागा टेपने बंद करता येते, पण मनात शिरलेली भीती टेपने बंद होत नाही. त्या क्षणापासून पुढचे चौदा दिवस ती प्रत्येक शिंक मोजते, पोराला जवळ घेत नाही, सासूबाईंच्या खोलीत पाऊल टाकत नाही. एका चुकीच्या मापाची ही किंमत आहे. माल मागवण्याआधी ड्युटीवरच्या सगळ्यांची उंची आणि छातीचा घेर लिहून घ्या आणि एस, एम, एल, एक्सएल त्या प्रमाणात मागवा. अंगात घालून दोन्ही हात वर, मग पूर्ण उकिडवं बसणं, मग कमरेतून वाकणं, हे तिन्ही न फाटता जमलं तर माप बरोबर.

आता जे कुणी लिहीत नाही ते. एकसंध कव्हरऑलमधून लघवीला जाता येत नाही. जायचं तर सगळं किट उतरवायचं, ते फेकायचं आणि नवं चढवायचं. एका उतरवण्या-चढवण्यात अर्धा तास सहज जातो, आणि तेवढा वेळ वॉर्डात एक माणूस कमी. म्हणून नर्स ड्युटीच्या दोन-तीन तास आधीपासून पाणी बंद करतात, किंवा डायपर लावतात. पाळीच्या दिवसांत काय होतं ते सांगायला नको. उन्हाळ्यात पाणी तोडून घामात सहा तास काढायचे, वर मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका, आणि मोठ्या माणसाने डायपर बांधून कामावर जायची शरम. थकव्याच्या बोलण्यात ही शरम कधी येत नाही, कारण ती बोलून दाखवायची सोय नाही. पुरुष अधिकाऱ्यांच्या बैठकीत तर मुळीच नाही.

आणि हे सगळं सोसण्याची खरोखर गरज होती का? जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यात कोविडच्या पेशंटसाठी गाऊन, हातमोजे, मास्क आणि डोळ्यांचं संरक्षण एवढंच होतं. इबोलासारख्या साथीत लागणारे कव्हरऑल, दुहेरी हातमोजे आणि डोकं-मान झाकणारे हुड कोविडसाठी आवश्यक नाहीत, असं त्यात स्पष्ट म्हटलेलं होतं. आपल्याकडे भीतीमुळे पूर्ण झाकणारा पांढरा पोशाख म्हणजेच सुरक्षितता असं समीकरण बसलं. भीती समजण्यासारखी होती. पण आता थंड डोक्याने पाहता, नेहमीच्या कोविड वॉर्डासाठी आमची पसंती गाऊनच्या संचाला आहे: द्रव अडवणारा, पूर्ण बाह्यांचा, मनगटाला विणीव कफ असलेला आणि पाठीवर दोन्ही बाजू एकमेकींवर चढतील असा गाऊन, वेगळी टोपी, एन95, गॉगल किंवा शील्ड, हातमोजे. तो तीन-चार मिनिटांत उतरतो. श्वासनलिकेत नळी घालणं, उघडं सक्शन (नळीतला कफ ओढून काढणं) अशा थेंब उडणाऱ्या कामांना वरून प्लास्टिकचा एप्रन बांधा. गाऊन घेताना फसगत होते ती पाठीवर. घेर अपुरा असला की वाकल्यावर मागचा भाग उघडा पडतो आणि नर्सचा त्यावरचा विश्वास उडतो. तेव्हा घेर मोजूनच घ्या.

गुण द्यायचे तर पॉलिथिनच्या थराचा कव्हरऑल 5 पैकी दीड, सूक्ष्मछिद्री कव्हरऑल तीन, चांगल्या घेराचा गाऊन संच साडेचार.

मास्क आणि गॉगल यांचा विचार एकत्रच करावा लागतो, कारण एकाची चूक दुसऱ्यावर दिसते. एन95 म्हणजे 0.3 मायक्रॉन आकाराचे निदान 95 टक्के कण अडवणारा मास्क, पण ते गणित तो चेहऱ्याला घट्ट बसला तरच. झडपवाला मास्क नको. त्यातून श्वास न गाळता बाहेर पडतो, आणि केंद्र सरकारनेही जुलै 2020 मध्ये त्याच्याविरुद्ध सूचना काढली होती. गॉगलवर वाफ धरली की सगळे गॉगलला दोष देतात. खरं तर ती वाफ सांगत असते की नाकाच्या पुलावर मास्क गळतो आहे. धातूची पट्टी एका हाताच्या चिमटीने दाबली की मधोमध कोन पडतो आणि दोन्ही बाजूंना फट राहते. दोन्ही हातांची बोटं पट्टीच्या मध्यावर ठेवून बाहेरच्या बाजूला सरकवत दाबा. मग तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. डोळ्यांकडे वारा आला तर पुन्हा बसवा. तरीही धुकं येत असेल तर मास्कच्या वरच्या कडेवर मायक्रोपोर टेप लावा आणि गॉगलच्या आतून पातळ साबणाचं बोट फिरवून वाळू द्या.

एवढा तपशील कशासाठी? दुहेरी हातमोजे आणि धुकट काच यांमागून शीर सापडत नाही. एकदा टोचलं, दुसऱ्यांदा टोचलं, पेशंट कळवळला. चांगला हात असलेल्या सिस्टरला आपलाच हात परका वाटू लागतो. कामातलं कसब हा नर्सचा आधार असतो आणि तोच हरवला की बाकीचं सगळं डळमळतं. धुकट गॉगल वॉर्डात पाठवणारा माणूस हा आधार काढून घेतो, त्याला त्याची कल्पनाही नसते. गॉगल अप्रत्यक्ष छिद्रांचा, रुंद रबरी पट्ट्याचा घ्या. धुऊन वापरायचा असेल तर धुतल्यावर काच ओरखड्यांनी पांढुरकी झाली की तो बाद करा, कात्रीने कापून, म्हणजे परत वापरात येणार नाही.

नाकावर आणि गालफडावर पडणाऱ्या जखमांसाठी जाड हायड्रोकोलॉइड (मऊ, जेलसारखी) पट्टी लावायची पद्धत आहे. तिने त्वचा वाचते पण मास्कची पकड सुटू शकते. पातळ पट्टी लावा, आणि लावल्यावर श्वास सोडून बघायची परीक्षा परत करा. त्याहून चांगला उपाय म्हणजे चार तासांची पाळी.

हातमोज्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. नायट्राइल घ्या, बोटांच्या मापाचे घ्या, खोक्यातले दोन पाण्याने भरून गळतात का बघा. शू कव्हर ओल्या फरशीवर घसरतात. तळाला खरखरीत पट्टी नसेल तर ते परत करा.

आवाजाची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. साधा सर्जिकल मास्क उंच पट्टीचे आवाज, म्हणजे 2000 ते 7000 हर्ट्झचे, तीन-चार डेसिबलनी कमी करतो. एन95 जवळपास 12 डेसिबलनी. स, श, च, ट यांसारखी व्यंजनं याच पट्टीत असतात. त्यामुळे "सात", "साठ" आणि "आठ" मास्कमागून एकसारखे ऐकू येतात. औषधाचा डोस किंवा सॅचुरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) तोंडी सांगताना हे थेट धोक्याचं आहे. आकडा अंक सुटे करून सांगा, "सहा-शून्य", आणि ऐकणाऱ्याने तो परत म्हणून दाखवायचा, हा नियमच करा. वय झालेल्यांचे कान आधी याच पट्टीत मंद होतात, आणि ओठ वाचायची सोय मास्कने घेतलेली. वर फेस शील्ड, ऑक्सिजनचा घों घों आवाज, मॉनिटरची टींटीं. सिस्टरला ओरडावं लागतं. ओरडलेलं ऐकणाऱ्याला रागावलेलं वाटतं. जीवाजीगंजातल्या एखाद्या आजींना "आजी, पालथ्या झोपा" हे मायेचं वाक्य किंचाळून सांगावं लागलं की त्या घाबरतात, आणि सांगणारीला स्वतःचा आवाज ओळखू येत नाही.

यावर उपाय साधे आहेत. जवळ जाऊन पेशंटच्या नजरेसमोर उभं राहा, आधी हात खांद्यावर ठेवा, मग बोला, एका वेळी एकच सूचना. पाणी, दुखतंय, लघवी, श्वास, घरी फोन, अशी सात-आठ चित्रं असलेला लॅमिनेट केलेला फलक प्रत्येक खाटेला बांधा. भिंड-मुरैनाकडचा पेशंट असो की ग्वाल्हेरच्याच लष्कर भागातला मराठी म्हातारा, चित्रावर बोट ठेवणं सगळ्यांना जमतं. फलक 1 टक्का हायपोक्लोराइटने पुसता येतो.

पाकिटात नसलेली, पण पाकिटापेक्षा जड अशी एक वस्तू म्हणजे वॉर्डाचा फोन. नातेवाईक बाहेर, पेशंट आत, आणि मध्ये झिपलॉक पिशवीत घातलेला फोन धरून उभी सिस्टर. निरोपाचं बोलणं ती ऐकते, कारण फोन तिच्या हातात असतो आणि ती हात सोडून जाऊ शकत नाही. एखाद्या घरातलं सगळ्यात खाजगी बोलणं, मुलगी वडिलांना म्हणते ते, बायको नवऱ्याला म्हणते ते, पूर्ण परक्या माणसाने ऐकायचं. गॉगलमध्ये डोळे भरले तर पुसता येत नाहीत. चेहऱ्याला हात लावणं म्हणजे संसर्ग. मीठ झोंबतं, काच धुकटते, आणि पुढच्या खाटेची बेल वाजते. किटच्या आत रडायची सोय नाही, हा या वस्तूचा सगळ्यात मोठा दोष आहे आणि त्याच्यावर शिवणीचा उपाय नाही.

तो भार वाटून घेता मात्र येतो. फोन स्टँडवर लावा, म्हणजे हात मोकळा राहतो आणि सिस्टर पेशंटचा हात धरू शकते. फोन लावण्याआधी पेशंटचं तोंड पुसा, केस विंचरा, चादर सारखी करा. नातेवाइकांना आधी आवाजावरच सांगा की आता तुम्हाला तोंडात नळी दिसेल, चेहरा सुजलेला दिसेल, ते ऐकतील की नाही सांगता येत नाही, पण बोला. मगच कॅमेरा उघडा. एका पाळीत एकाच सिस्टरकडे असे दोन फोन देऊ नका. हँडओव्हरच्या वहीत औषधांच्या खाली एक ओळ ठेवा: आज निरोपाचा फोन कुणी धरला. इनचार्ज सिस्टरने ती ओळ वाचून दुसऱ्या दिवशीची खाट ठरवायची.

बॉडी बॅगचंही परीक्षण याच संचात करायला हवं, कारण ती बांधायचं काम नर्सच्याच वाट्याला येतं. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या 15 मार्च 2020 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये कर्मचाऱ्यांनी काळजी घेऊन चेहऱ्याकडची चेन उघडून नातेवाइकांना अखेरचं दर्शन देता येईल, असं लिहिलं होतं. स्पर्श, आंघोळ, मिठी नाही. दर्शन होतं. ज्या ज्या ठिकाणी हे माहीत नव्हतं किंवा भीतीने टाळलं गेलं, तिथे "चेहरासुद्धा दाखवला नाही" हे ओझं हुकूम काढणाऱ्यावर पडलं नाही, ते चेन ओढणाऱ्या सिस्टरवर पडलं. योग्य काय ते कळतं आणि करू दिलं जात नाही, तेव्हा मनाला जी यातना होते तिला अँड्र्यू जेमटन यांनी 1984 मध्ये नर्सिंगच्या संदर्भातच नाव दिलं होतं, नैतिक क्लेश. थकवा झोपेने जातो, हा क्लेश झोपेने जात नाही. तेव्हा बॅग घेताना चेन डोक्यापर्यंत जाते ना, न अडकता उघडते ना, ते बघा. आतून बाजूच्या शिवणी जोडलेल्या हव्यात, गळता कामा नयेत. आणि त्या सूचनेचा कागद वॉर्डाच्या भिंतीवर लावा, म्हणजे सिस्टरला कुणाशी वाद घालावा लागणार नाही.

उतरवणं हा सगळ्यात धोक्याचा भाग, आणि तो नेमका सगळ्यात थकल्या वेळी येतो. घाईत चूक होते ती ठरावीक: हुड ओढताना बाहेरची बाजू केसांना लागते, किंवा मास्क आतच काढला जातो. समोर पूर्ण उंचीचा आरसा आणि बाजूला पायऱ्या वाचून दाखवणारी जोडीदार असेल तर हे टळतं. आधी शू कव्हर आणि बाहेरचे हातमोजे. हात चोळा. कव्हरऑलची चेन, हुड मागे, आतली बाजू बाहेर गुंडाळत खांद्यावरून खाली. हात चोळा. मग गॉगल मागच्या पट्ट्याने. मग आतले हातमोजे, हात पुन्हा, खोलीबाहेर आल्यावर मास्क, खालचा पट्टा आधी, वरचा नंतर, पुढच्या बाजूला न शिवता. शेवटी साबणाने हात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोविड नियमांप्रमाणे मास्क, टोपी, शू कव्हर आणि प्लास्टिक नसलेला किंवा अर्धवट प्लास्टिकचा कव्हरऑल पिवळ्या पिशवीत, तर गॉगल, शील्ड, नायट्राइल हातमोजे आणि प्लास्टिकचा कव्हरऑल लाल पिशवीत. दोन्ही पिशव्या हाताशी हव्यात. थकलेल्या माणसाला चार पावलं चालायला लावलं की सगळं एकाच पिशवीत जातं.

किट उतरवण्याच्या खोलीच्या बाहेर, लगेच, दोन खुर्च्या, माठातलं पाणी आणि ओआरएस ठेवा, एक लिटरला एक पुडी. खुर्च्या दोनच, पण हव्यातच. तिथे दहा मिनिटं बसायची मुभा पाळीच्या वेळातच धरा, नंतरची नाही. पाळीनंतर सगळ्यांना गोलात बसवून "काय झालं ते तपशीलवार सांगा" असा आग्रह करू नका. एका बैठकीत जबरदस्तीने आठवणी उगाळायला लावण्याचा उपयोग होत नाही, म्हणून तज्ज्ञांच्या मार्गदर्शनात तो टाळायला सांगितलेला आहे. जोडीदार सिस्टरने एवढं विचारावं: आज सगळ्यात जड काय गेलं, आत्ता काय हवंय, घरी सोबत कोण आहे. उत्तर नको असेल तर नुसतं बसावं.

दोन आठवड्यांहून जास्त झोप उडणं, डोळे मिटले की तोच वॉर्ड दिसणं, पेशंटचं नाव न आठवता फक्त खाटेचा नंबर आठवणं, झोपेच्या गोळ्या स्वतःच्या हाताने घेणं, ही मदत घ्यायची वेळ. मरणाचे विचार येत असतील तर त्याच दिवशी. 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू झालेल्या टेली-मानस सेवेचा नंबर 14416. तो विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. ग्वाल्हेरला मानसिक आरोग्यशाळाही आहे. तिच्या नावाला चिकटलेली जुनी थट्टा नर्सिंगच्या वर्गात तरी कुणी करू नये, कारण उद्या वर्गातलीच एखादी त्या दारात मदतीसाठी उभी असेल.

22 मार्च 2020 ला संध्याकाळी पाच वाजता देशभर थाळ्या वाजल्या. महिन्याभरात, 22 एप्रिलला, आरोग्य कर्मचाऱ्यांवरचे हल्ले अजामीनपात्र गुन्हा ठरवणारा अध्यादेश काढावा लागला. या दोन तारखांच्या मधल्या काळात भाड्याच्या घरात राहणाऱ्या नर्सने काय काय ऐकलं असेल ते निराळं सांगायला नको. किटवर चढवलेलं सन्मानाचं बिरूद किटच्या बाहेर टिकत नव्हतं. रुग्णालयाने घरमालकाच्या नावाने एक पत्र द्यावं, ही व्यक्ती संसर्गाचे सर्व नियम पाळून घरी येते, अशा आशयाचं. छापायला एक कागद लागतो.

शेवटची वस्तू पाकिटात कधीच नसते, आणि आमच्या मते ती सक्तीची करायला हवी: नाव आणि फोटो. 2014-15 च्या इबोला साथीत मेरी बेथ हेफर्नन या कलावतीने लायबेरियात कर्मचाऱ्यांच्या हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो त्यांच्या पोशाखांवर चिकटवायला सुरुवात केली. 2020 मध्ये अमेरिकेतल्या रुग्णालयांत ती पद्धत परत आली. त्यामागचं कारण सरळ आहे. पांढऱ्या पोशाखातल्या सगळ्या सारख्याच दिसतात, पेशंट कुणाचाही हात धरतो आणि कुणाचाच धरत नाही. सिस्टरलाही दिवसभर कुणी नावाने हाक मारत नाही.

ए4 चिकट कागदावर सहा फोटो बसतात. मास्क नसलेला, हसरा, मान-खांद्यापर्यंतचा फोटो. खाली नाव देवनागरीत, अक्षरं दोन बोटं उंच, काळ्या शाईत, आणि "सिस्टर" आधी. जो पेशंट पडून आहे त्याची नजर खालून वर येते, म्हणून फोटो गळ्याजवळ नको, पोटाच्या वरच्या भागावर, मधोमध लावा. एक पाठीवरही लावा, म्हणजे सहकारी हाक मारू शकतील. पंधरा दिवसांचे कागद एकदम छापून किट चढवण्याच्या खोलीत, आरशाच्या शेजारी, खिळ्याला अडकवून ठेवा. किट चढवून झाल्यावर शेवटचं काम म्हणून जोडीदाराने तो लावायचा, आणि लावताना तिला नावाने हाक मारायची.